चराई थांबवली की कुरण आपोआप सावरते का?

चराई बंद केली, वणवेही रोखले, तरी गवत परतले नाही आणि झुडपेच वाढली. मग दोष अवर्षणाचा मानावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तिघांपैकी एकावर बोट ठेवून हे कोडे सुटत नाही. चराई, अवर्षण आणि आग कोणत्या क्रमाने व किती अंतराने येतात, यावर तिथे कोणत्या वनस्पती टिकणार हे ठरते.

बहुवर्षायू गवताचा ठोंब जवळून पाहावा. त्याचे वाढीचे कोंब बराच काळ जमिनीलगत असतात, त्यामुळे पाती खाल्ली गेली किंवा वाळलेला भाग जळाला तरी बुडातून नवे फुटवे येतात. झुडपाच्या कोवळ्या रोपाला मात्र तीच आग सहसा झेपत नाही. पण फुटव्यांना ओल हवी आणि मुळे पोसायला हिरवे पान हवे. ऐन अवर्षणात चराई चालूच राहिली, तर ठोंब मधून मरतो, कडेला चारदोन फुटवे उरतात, ठोंबांमधली जमीन उघडी पडते आणि नंतर आलेला पाऊस मुरण्याऐवजी माती घेऊन वाहून जातो. शिवाय जळायला सलग गवतच उरले नसल्याने झुडपांना आवर घालणारी आगही लागत नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या दक्षिण भागात ‘ब्लॅक ग्रामा’ गवताच्या विस्तीर्ण कुरणांवर मेस्किटची झुडपे पसरली, त्यामागे अतिचराई आणि अवर्षण दोन्ही होते, आणि मेस्किटचे बी पसरवले ते शेंगा खाणाऱ्या गुरांनीच.

याच्या नेमके उलटही घडते. पश्चिम अमेरिकेतील ग्रेट बेसिन या शुष्क प्रदेशात युरेशियातून आलेले ‘चीटग्रास’ हे वर्षायू गवत उन्हाळ्याच्या आरंभीच वाळते, झुडपांमधल्या मोकळ्या जागा सहज पेटणाऱ्या इंधनाने भरून टाकते आणि तिथे आग इतक्या लवकर परतते की ‘सेजब्रश’ या तिथल्या मूळच्या झुडपाला पुन्हा उभे राहायला सवडच मिळत नाही. म्हणूनच ‘आग चांगली की वाईट’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो.

चराईसारखा दाब काढला की वनस्पती ठरलेल्या पायऱ्यांनी मूळ अवस्थेकडे परततात, ही जुनी समजूत शुष्क प्रदेशांत लागू पडत नाही, असे वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेअर या परिसंस्था-अभ्यासकांनी १९८९ मध्ये मांडले. एकदा माती वाहून गेली व झुडपे रुजली की नुसती चराईबंदी पुरत नाही.

तेव्हा आधी ठोंबांमधले अंतर आणि मातीचा पापुद्रा तपासावा. ठोंब जिवंत असतील, तर अवर्षणानंतरच्या पहिल्या चांगल्या पावसात बी धरेपर्यंत जनावरे दूर ठेवणे बहुधा पुरेसे ठरते. ठोंबच उरले नसतील, तर झुडपे काढणे, पाणी अडवणे आणि गवत पेरणे हाती घ्यावे लागेल. नियंत्रित जाळणीचा विचार जळण्याजोगे गवत तयार झाल्यावर, आणि तोही वर्षायू गवताचा शिरकाव झालेला नसेल तरच करावा.