आजोबा 'आर कमिंग' का नाहीत?

ताई, तुमच्या मुलीने 'माय ग्रँडफादर आर कमिंग' लिहिलं आणि वहीत लाल फुली आली, म्हणून तिला रागावू नका. 'आजोबा येत आहेत' हे तिचं मराठी पक्कं आहे, तेच आदरार्थी बहुवचन तिने इंग्रजीत नेलं. इंग्रजीत राष्ट्रपती असोत की शेजारचं पोर, माणूस एक असला की 'इज'.

'वन ऑफ माय फ्रेंड्स आर' ही चूक वेगळी. ती इंग्रजी मातृभाषा असलेलेही करतात, कारण क्रियापदाच्या लगेच आधी 'फ्रेंड्स' कानावर पडतं. माझ्या शिकवणीत मुलांना मी 'ऑफ'पासून पुढचं बोटाने झाकायला लावते. उरतो 'वन', म्हणून 'इज'. पण 'सम'ला ही युक्ती चालत नाही. तिथे उलट 'ऑफ'नंतरचंच पाहायचं: 'सम ऑफ द मिल्क इज', 'सम ऑफ द बुक्स आर'.

सर्वनामांत आपली मुलं 'हिज' आणि 'हर'मध्ये अडखळतात, त्याचं मूळ मात्र मराठीत आहे. 'त्याची बहीण' म्हणताना 'त्या' भावाकडे पाहतो आणि 'ची' बहिणीकडे. इंग्रजीत बहिणीकडे बघायचंच नाही. रवीची बहीण 'हिज सिस्टर', सीताचा भाऊ 'हर ब्रदर'. हे तिच्याकडून घरातल्याच माणसांवर आठवडाभर तोंडी करून घ्या, वही नको.

तुम्ही विचारलेलं 'बिट्वीन यू अँड आय' प्रमाण इंग्रजीत चूक धरतात, 'बिट्वीन यू अँड मी' हवं (हा 'मी' इंग्रजीतला, me). 'बिट्वीन वी' कुणी म्हणत नाही, 'बिट्वीन अस' म्हणतात. 'अस' बसतं तिथे इंग्रजी 'मी'च बसणार, 'आय' नाही.

'एव्हरीवन हॅज देअर बुक' मात्र खोडू नका. क्रियापद एकवचनी, सर्वनाम 'देअर', आणि तरी बरोबर. एका व्यक्तीसाठी 'दे' वापरणं चौदाव्या शतकापासून आहे.

आणि मुलीला हे नक्की सांगा: इंग्रजीतही पूर्वी एकट्यासाठी 'दाऊ' होतं आणि 'यू' अनेकांसाठी. मग मोठ्या माणसाला आदराने 'यू' म्हणू लागले, आपल्या 'तुम्ही'सारखं, आणि हळूहळू 'दाऊ' मागे पडलं. आज समोर एकटी तीच बसलेली असली तरी आपण तिला 'यू आर' म्हणतो, ते त्यामुळेच. म्हणजे आजोबांना तिने दिलेला मान इंग्रजीला अगदीच अनोळखी नाही, फक्त तो 'यू'पाशीच थांबला.