खालची कवळी हलते, म्हणून थेट इम्प्लांट?

प्रश्न : आईचं वय 67. तीन वर्षांपूर्वी सगळे दात काढून लगेच कवळ्या बसवल्या. वरची ठीक आहे. खालची बोलतानाही उचलते, हिरडी सोलवटते, भाकरी चावत नाही. एका डॉक्टरांनी खाली सहा इम्प्लांट सांगितले. दुसरे म्हणाले, साखर आहे, या वयात नको. आई अजून मिश्री लावते. काय करावं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : वय हे नकाराचं कारण नाही. पण सहा इम्प्लांटचीही, म्हणजे हाडात बसवायच्या सहा स्क्रूंचीही, बहुधा गरज नाही.

वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालचीला टाळूचा आधार नाही, त्यात जीभ तिला सतत ढकलते. शिवाय दात गेल्यावर हाड झिजतं, पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त. आणि पुढे खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या साधारण चौपट वेगाने झिजतं. दात काढल्या दिवशी बसवलेली कवळी तीन वर्षांनी सैल होणारच. तेव्हा आधी कवळीला आतून नवं अस्तर द्यायला सांगा, म्हणजे रिलाइनिंग. तिचे दात झिजले असतील तर नवीन माप घेऊन कवळीच करून घ्या. यानेच भागलं तर पुढचा खर्च वाचला.

नाही भागलं, तर खाली पुढच्या भागात, सुळ्यांच्या जागी, दोनच इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी, काढता-घालता येणारी कवळी. दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असं कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी 2002 मध्येच म्हटलं होतं. मागचं हाड झिजून जबड्यातली नस जवळ आली असली, तरी पुढे सहसा पुरेसं हाड उरतं. सीबीसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये, तिथे साधारण 6 मिमी रुंदी आणि 10 मिमी उंची दिसली पाहिजे. नुसत्या ओपीजीत, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या सपाट एक्स-रेत, रुंदी कळत नाही. त्यावरच तारीख देणाऱ्याला स्कॅनबद्दल विचारा.

स्क्रू टायटॅनियमचा असतो. हाड त्याला धरायला खाली दोन-तीन महिने लागतात. तोवर जुनी कवळी त्या जागी आतून कोरून, मऊ अस्तर लावून वापरतात. ती कोरली नाही, तर चावण्याचा दाब स्क्रूवर येतो आणि हाडाने धरण्याआधीच तो हलू लागतो. बटणातल्या नायलॉनच्या टोप्या झिजतात, वर्षा-दोन वर्षांनी बदलाव्या लागतात. हा खर्च आधीच विचारून घ्या.

आता साखर. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, 7 च्या आसपास असेल तर पुढे जा. 8 च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणा, मग स्क्रू. मिश्री मात्र बंदच. तंबाखूच्या पट्ट्यात हे सांगणं कुणाला रुचत नाही, पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती बोटाने घासली जाते नेमकी स्क्रू जिथे हिरडीतून वर येतो तिथे. तिथली हिरडी बिघडली की हाड आतून खाल्लं जातं. इम्प्लांटला दातासारखं संवेदनशील वेष्टण नसतं, म्हणून दुखत नाही. ब्रश करताना रक्त किंवा पू दिसला की तीच सूचना. मिश्री सुटणार नसेल, तर नवी कवळी करून थांबा.

हाडं ठिसूळ झाल्याची आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. त्या औषधांवर जबड्याची जखम चिघळून हाड उघडं पडू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका.

बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ, दोन्हींची दंत महाविद्यालयं आहेत. अशा ठिकाणी खर्च सहसा कमी, फेऱ्या जास्त. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर वाचून घेतल्याशिवाय सही नको. आणि स्क्रूच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या : कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर. उद्या मिरजेत किंवा कोल्हापुरात दाखवायची वेळ आली, तर त्या कंपनीच्या मापाचा पेचकस लागतो.

प्रश्न : वय 41. खालची एक दाढ काढायची आहे, शेजारच्या दोन्ही चांगल्या आहेत. ब्रिज की इम्प्लांट?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : इम्प्लांट. ब्रिज म्हणजे शेजारच्या दाढांवर टेकवलेला जोडदात; त्यासाठी दोन चांगल्या दाढा घासाव्या लागतील. त्यांवर आधीच कॅप असत्या, तर उत्तर उलटं असतं. पण हे दाढ काढण्याआधी ठरवा : वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी निम्म्याच्या आसपास कमी होऊ शकते, आणि मग हाड भरण्याचं वेगळं काम निघतं. जागा फार दिवस रिकामी ठेवली, तर मागची दाढ पुढे कलते, वरची खाली उतरते.

प्रश्न : कवळी रात्री काढायचीच का?
– एक वाचक, अथणी

उत्तर : हो, हिरडीला विश्रांती हवी, नाहीतर टाळूवर बुरशीचे लाल चट्टे येतात. टूथपेस्टने चरे पडतात. मऊ ब्रश आणि भांड्यांचा किंवा हाताचा साबण चालतो. साध्या पाण्यात ठेवा, उकळत्या पाण्यात नको, कवळीचं ॲक्रिलिक वाकतं. धुताना खाली पाणी भरलेली बादली ठेवा. बऱ्याच कवळ्या मोरीतच पडून फुटतात.