हार्ड डिस्कचे डिफ्रॅगमेंटेशन : किती दिवसांनी करावे, कधी करू नये

प्रश्न : इतवारीत आमचे घाऊक किराण्याचे दुकान आहे. हिशेबाच्या जुन्या संगणकात ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. दुरुस्तीला येणारा मुलगा म्हणतो की दर आठवड्याला डिफ्रॅग करा. पुतण्या म्हणतो की आता त्याची गरजच उरलेली नाही. नेमके किती दिवसांनी करावे?

दिवस ठरवून घेण्याऐवजी डिस्कची अवस्था पाहून निर्णय घ्यावा, हे माझे पहिले सांगणे. खतावणीत एखाद्या गिऱ्हाईकाचे पान भरले की आपण त्याचे खाते पुढे जिथे कोरे पान मिळेल तिथे चालू ठेवतो आणि खाली ‘पुढे पाहा पान ९०’ असे लिहितो. डिस्कवर रोज थोडी थोडी वाढणारी फाइल अशाच रीतीने तुकड्यातुकड्यांनी साठवली जाते, आणि हिशेबाच्या फाइली तर रोजच वाढतात. हे विखुरलेले तुकडे पुन्हा सलग एका जागी आणणे म्हणजे डिफ्रॅगमेंटेशन, थोडक्यात डिफ्रॅग.

फाइल उघडताना विखुरलेले तुकडे गोळा करायला जो वेळ लागतो तो यंत्राच्या हालचालीचा असतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण होतो. हवा असलेला भाग हेडखाली (तबकडीवरची माहिती वाचणाऱ्या टोकाखाली) येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो आणि हेड योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक नव्या तुकड्यामागे साधारण १२ ते १३ मिलिसेकंद खर्च होतात. दहा-वीस तुकड्यांनी काहीच जाणवत नाही, परंतु हजार तुकडे झाले तर नुसत्या शोधाशोधीतच बारा-तेरा सेकंद जातात. उलट एकेक तुकडाच ६४ एमबीपेक्षा मोठा असेल तर तो वाचायला लागणाऱ्या वेळापुढे ही शोधाशोध नगण्य ठरते, म्हणून विंडोज व्हिस्टापासून अशा मोठ्या तुकड्यांची गणना विखुरलेल्या भागात होत नाही.

आता तुमच्या दुकानाचा खरा मुद्दा. विंडोज १० हे काम आठवड्यातून एकदा आपण होऊन करते, म्हणून पुतण्याचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. मात्र त्यासाठी संगणक चालू असावा लागतो आणि त्यावर दुसरे काम चालू नसावे लागते. देखभालीची ठरलेली वेळ सहसा पहाटे दोनची असते. आपल्या बाजारपेठेत शटर ओढताना मेन स्विचच बंद करण्याची पद्धत आहे, आणि आगीच्या दृष्टीने ती योग्यच आहे. पण मग रात्रीचे काम होत नाही आणि दिवसभर बिले चालू असल्याने संगणकाला उसंतही मिळत नाही. तेव्हा स्टार्टमध्ये ‘डिफ्रॅग’ असे इंग्रजीत टाइप करून ‘डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ उघडा आणि शेवटचे काम कोणत्या तारखेला झाले ते पाहा. तारीख काही महिन्यांपूर्वीची असेल तर ‘अ‍ॅनालाइझ’ करा. विखुरलेपणा १० टक्क्यांच्या पुढे गेला असेल तरच ‘ऑप्टिमाइझ’ करा. हिशेबाच्या संगणकाला महिन्यातून एकदा ही तपासणी पुरते. दुकान बंद असण्याचा दिवस त्यासाठी सोयीचा. त्याआधी हिशेबाची प्रत दुसरीकडे घेतलेली असावी आणि संगणक यूपीएसवर असावा. विंडोज एक तुकडा नव्या जागी लिहून झाल्यावरच नोंद बदलते, त्यामुळे मध्येच वीज गेल्यास फाइल सहसा बिघडत नाही, पण त्या भरवशावर वर्षभराचा हिशेब ठेवू नये. डिस्कवर निदान १५ टक्के जागा मोकळी ठेवा. जागाच नसेल तर तुकडे जोडायचे तरी कुठे?

एवढे करूनही संगणक रेंगाळत असेल तर दोष बहुधा विखुरलेपणाचा नसतो. अशा वेळी डिफ्रॅगमागे सुट्ट्या घालवण्यापेक्षा विंडोज आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर एका लहान एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हवर) हलवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या संगणकावर केलेल्या कोणत्याही खर्चापेक्षा त्या खर्चाचे चीज अधिक होते.

प्रश्न : मी धरमपेठेत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. मुलाने एसएसडी असलेला लॅपटॉप घेऊन दिला. जुन्या संगणकावर मी नियमाने डिफ्रॅग करत असे. यावरही करावे का?

करू नये. एसएसडीमध्ये फिरणारी तबकडी नाही आणि सरकणारे हेडही नाही, त्यामुळे तुकडे कुठेही असले तरी ते जवळजवळ सारख्याच वेळात वाचले जातात. शिवाय त्यातील पेशींवर लिहिण्याला मर्यादा असते; डिफ्रॅग म्हणजे विनाकारण पुन्हा पुन्हा लिहिणे. मात्र एक जपा : विंडोजमधील ‘ऑप्टिमाइझ’चे साप्ताहिक वेळापत्रक बंद करू नका. त्याच खिडकीत तुमच्या ड्राइव्हपुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असे दिसेल, आणि ते ओळखून विंडोज त्याला ट्रिम नावाची सूचना पाठवते. खोडलेल्या फाइलींची जागा आता मोकळी आहे, हे ड्राइव्हला त्यातून कळते. धोका आहे तो बाहेरून घेतलेल्या, ‘संगणक वेगवान करू’ म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरचा. ते घेऊ नका.

प्रश्न : महालात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो २ टीबीच्या पोर्टेबल डिस्कवर ठेवतो. ती डिफ्रॅग करायला लावली, तर दुपारपासून रात्रीपर्यंत काम संपले नाही आणि डिस्क चांगलीच तापली. असे का झाले?

एकदा लिहून ठेवलेले फोटो पुढे वाढत नाहीत, त्यामुळे ते फारसे विखुरतही नाहीत. या डिस्कला डिफ्रॅगची गरज मुळातच नव्हती. शिवाय अशा अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. एक भाग बदलायचा तर त्याच्या शेजारचे पट्टेही नव्याने लिहावे लागतात, आणि डिफ्रॅगमध्ये नेमके असे हजारो बदल होतात.

उष्णतेचे गांभीर्य मात्र आपल्या गावात अधिकच आहे. डिस्क बनवणारे सहसा ६० अंशांपर्यंतचे तापमान चालण्याजोगे मानतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बंद खोलीत, बंद डबीतली डिस्क तासन्‌तास फिरत राहिली तर ती मर्यादा फार दूर राहत नाही. असे जड काम उन्हाळ्यात पहाटे करावे, आणि डिस्क थंड राहावी म्हणून ती कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, कारण त्या हवेत ओलावा असतो. ही डिस्क खरोखरच कधी विखुरली, तर सगळे फोटो दुसऱ्या रिकाम्या डिस्कवर कॉपी करा. तिथे ते सलग लिहिले जातात आणि ग्राहकांच्या फोटोंची दुसरी प्रतही तयार होते.

प्रश्न : पेन ड्राइव्ह डिफ्रॅग करावा का?

नाही. त्याला कारण वर एसएसडीबाबत दिले तेच आहे.

प्रश्न : माझ्या संगणकाच्या डिस्कमधून काही दिवसांपासून टक-टक असा आवाज येतो आणि फोल्डर उघडायला मिनिटभर लागतो. डिफ्रॅग केल्याने फरक पडेल का? (एक विद्यार्थिनी, प्रतापनगर)

कृपया डिफ्रॅग करू नका. हे उत्तर वाचून होताच आधी बॅकअप घ्या. हा आवाज बहुतेक वेळा हेडला हवी ती जागा सापडत नसल्याचा असतो. डिफ्रॅगमध्ये डिस्कचा मोठा भाग वाचून पुन्हा लिहिला जातो, आणि मोडकळीला आलेली डिस्क त्याच श्रमाने कायमची बंद पडू शकते. सर्वांत आधी प्रकल्पाच्या आणि अभ्यासाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या, मग फोटो, आणि चित्रपट वगैरे सर्वांत शेवटी. कॉपी करताना एखादी फाइल अडकली तर तिच्यामागे न लागता पुढची घ्या. प्रत सुखरूप झाल्यावर डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवत असलेली नोंद, पाहा. त्यात ‘रिअ‍ॅलोकेटेड’ (बिघडल्यामुळे बदललेल्या) किंवा ‘पेंडिंग’ (बिघडल्याचा संशय असलेल्या) सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरील लहान भागांची, संख्या वाढत असेल, तर त्या डिस्कवर पुन्हा काही साठवू नका. कॉपी होण्यापूर्वीच ती बंद पडली, तर स्वतः किंवा ओळखीच्या दुकानात ती उघडू नका. तबकडीवर बसलेला धुळीचा कणही उरलेली माहिती घालवतो. अशी डिस्क संगणकातून काढून, आहे तशी, माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावी.