एकोणीस वेळा पुणे, सतरा वेळा सोलापूर

शंभर पानी, शाळेची वही. पानापानावर पट्टीने आखलेले तीन रकाने: तारीख, बायबलमधलं वचन आणि शेवटी एकच अक्षर, 'पु' किंवा 'सो'. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत त्यांनी ती टेबलावर ठेवली. "मॅडम, हे बगा आणि सांगा, माझं काय चुकतंय." (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

गृहस्थ अक्कलकोट रोडला एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावून देणारे आणि चालते ठेवणारे कारागीर. कारखाना बंद पडणार अशी कुजबुज, आणि पुण्याहून धाकट्या भावाचा फोन: इकडं ये, कंपनीत लावतो. जायचं की राहायचं? रोज रात्री प्रार्थना करून, डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन उत्तर मानायचं. अर्थ लागला नाही की पुन्हा उघडायचं. असे रात्रीचे दोन-तीन वाजायचे. एकदा लूमवर बोट सापडता सापडता वाचलं, तेव्हा बायकोने ओढत माझ्याकडे आणलं. मी नोंदी मोजल्या. 41. 'पु' 19, 'सो' 17, पाचांपुढे प्रश्नचिन्ह.

"शास्त्र, म्हणजे बायबल, पुरेसं आहे असं लहानपणापासून ऐकतोय. मग मलाच उत्तर मिळंना म्हणजे माझाच विश्वास कमी पडतोय की ओ."

ही टोचणी घेऊन येणारे ते पहिले नाहीत. कुणाला मुलीच्या स्थळाचं विचारायचं असतं, कुणाला ऑपरेशनचं. मीही चर्चमध्येच वाढले. वर्षअखेरच्या रात्री, येत्या वर्षासाठी म्हणून, न बघता वचनाचं कार्ड उचलताना माझाही हात थरथरलाय. कार्डाशी माझं भांडण नाही. फक्त त्याच्या भरवशावर घर विकू नये.

मी एवढंच विचारलं, "पुरेसं, पण कशासाठी?"

ते गप्प. मग आम्ही बायबलमधलं, प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र काढलं, तिसऱ्या अध्यायाचा शेवट. शास्त्र तारणासाठी शहाणं करतं. शिकवायला, चूक दाखवायला, सुधारायला, नीतीचं वळण लावायला उपयोगी पडतं. कशासाठी, तर देवाचा माणूस प्रत्येक चांगल्या कामाला सज्ज व्हावा म्हणून. त्यांनी 'सज्ज' या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"मी बायबल जकार्डच्या कार्डासारखं वाचत होतो," ते म्हणाले. सोलापुरी चादरीची नक्षी भोकं पाडलेल्या कार्डांवर चालते, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही: भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. धाग्याला विचार करावा लागत नाही.

"आणि तुम्ही कारखान्यात कोण? धागा?"

"जॉबर," ते हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू.

पण गडी सहज सोडणारा नव्हता. संत ऑगस्टीननेही असंच पुस्तक उघडलं होतं ना, पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलंय! खरं आहे. 386 सालची गोष्ट, आणि नजर पडली ती रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायावर. पण तिथं होतं काय? रंगेलपणा सोड, ख्रिस्ताला परिधान कर. ते कुठंही उघडलं तरी, कुणालाही लागू पडणारं. कुठल्या गावी खोली घ्यायची ते त्यात नव्हतं. शास्त्र पुरेसं आहे यावर ठाम असणाऱ्या, लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये जमलेल्या धर्मपंडितांनीसुद्धा 1646 च्या विश्वासकबुलीत, म्हणजे श्रद्धेच्या लेखी मसुद्यात, लिहून ठेवलं, की देवाचं गौरव, तारण, विश्वास आणि जीवन यांना लागणारं सगळं शास्त्रात आहे. आणि त्याच परिच्छेदात, की उपासनेची व मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कारभाराची काही व्यवस्था माणसाच्या साध्या समजुतीने, वचनाच्या सर्वसाधारण नियमांना धरून लावायची. मंडळीचा कारभार असा चालतो, तर पुण्याच्या खोलीचा का नाही?

मग वहीतली दोन वचनं घेतली. एक 'पु': उत्पत्ती 12, अब्राहामाला देश सोडायला सांगितलेलं. एक 'सो': यिर्मया 42, ह्याच देशात राहाल तर मी तुम्हांला उभारीन. "आता दोन्ही अध्याय शेवटपर्यंत वाचून या," म्हटलं. शिवाय दहा दिवस वही बंद. रात्री दहानंतर बायबल उघडायचं नाही, सकाळी एक अध्याय, सुरुवातीपासून. हे मी एका श्रद्धाळू माणसाला सांगते आहे याचं मलाच अवघडलं. पण दोन वाजताचं ते उघडणं वाचन नव्हतं, घोर होता. क्षणभर बरं वाटायचं, की पुन्हा हुरहूर. झोप सुधारली नाही तर डॉक्टरकडे जायचं हेही ठरवलं. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता, असं त्यांनीच मला ऐकवलं.

पुढच्या खेपेला दारातूनच म्हणाले, "मॅडम, अब्राहाम दुष्काळ पडला म्हणून मिसरात गेला आणि तिथं बायकोला बहीण म्हणाला! आणि यिर्मयालासुद्धा देवाचं उत्तर यायला दहा दिवस लागले की ओ."

वहीच्या मागच्या पानांवर आता आकडे होते. पुण्यातलं खोलीभाडं, भाऊ सांगतो तो पगार, मालकाकडे अडकलेली देणी, आईची औषधं, मुलीची बारावी. बारावीसमोर दोन रेघा. परीक्षा होईपर्यंत सोलापूर. मग एका रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसने दोघांनी जाऊन खोली आणि कंपनी डोळ्यांनी बघून यायची.

"रविवारी?" बायको म्हणाली. "आणि उपासना?"

"तिकडं पण चर्च आहे की ओ."