वाचकांचे प्रश्न : वेल्सची कथा कोणाला सांगितली जाते?

मागच्या अंकात युरोपातल्या छोट्या भाषांबद्दल लिहिताना वेल्सचं नाव ओझरतं आलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेते.

प्रश्न : वेल्स म्हटलं की मला एकटा कवी डिलन टॉमस आठवतो. तिथल्या कथा वाचायच्या तर सुरुवात कुठून करू? आणि त्यांना इंग्रजी कथेपेक्षा वेगळं का मानायचं? – एक निवृत्त ग्रंथपाल

उत्तर : डिलन टॉमस बाजूला ठेवा, तो कुठे पळून जात नाही. सुरुवात केट रॉबर्ट्सपासून करा. ती १८९१मध्ये वायव्य वेल्सच्या र्‍होसगाडवान या पाटीच्या दगडाच्या खाणींजवळच्या गावात जन्मली आणि १९८५मध्ये गेली. लिहिलं सगळं वेल्श भाषेत. २०२१च्या जनगणनेत ही भाषा बोलणारे वेल्समध्ये सुमारे ५,३८,००० होते, म्हणजे लोकसंख्येच्या १७.८ टक्के. त्यामुळे वेल्सची कथा म्हणताना दोन परंपरा धराव्या लागतात, एक वेल्शमधली आणि दुसरी वेल्समध्ये राहून इंग्रजीत लिहिणाऱ्यांची. दोघी एकाच घरात राहतात, पण बोलणं नेहमीच असतं असं नाही.

१९५९मध्ये आलेला तिचा ‘ते अन अ ग्रीग’ हा संग्रह इंग्रजीत ‘टी इन द हेदर’ या नावाने मिळतो. बेगू नावाच्या लहान मुलीभोवतीच्या या कथा आहेत. शीर्षककथेत बेगू आणि तिची मैत्रीण खाऊ घेऊन डोंगरावर जातात. खाऊत जेली आहे आणि बेगूचा सगळा जीव त्या जेलीत. तेवढ्यात विन्नी नावाची थोडी मोठी, फाटक्या कपड्यांतली, तोंडाने फटकळ मुलगी येते. ती लंडनला जाऊन व्हिक्टोरिया राणीकडे कामाला लागण्याच्या गप्पा मारते आणि बोलता बोलता जेली एकटीच फस्त करते. घडतं ते एवढंच. पण कोणाच्या घरात काय शिजतं, कोणाची आई कशी, कोणती पोर कोणाशी खेळलेली चालत नाही, हे सगळं त्या जेलीभोवती गोळा होतं. आणि लेखिका यातलं काहीही समजावून सांगत नाही! खाण काय असते, चॅपलचा, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराचा, दरारा काय असतो, गरिबी किती आहे, एका शब्दानेही नाही. कारण ती शेजारणीला सांगते आहे, आणि शेजारणीला हे ठाऊकच असतं.

वेल्सची कथा वाचताना मी हीच एक गोष्ट बघते. सांगणारा कोणाकडे तोंड करून बोलतोय? घरच्यांकडे की लंडनकडे? वेगळेपणाचं विचाराल तर ते मला इथे सापडतं. लंडनच्या लेखकाला हा प्रश्न सहसा पडतच नाही.

प्रश्न : कॅराडॉक एव्हान्सला काही जण वेल्समधल्या आधुनिक इंग्रजी कथेचा जनक म्हणतात आणि काही जण शिव्या घालतात. तुमचं मत काय? – एम. ए.चा विद्यार्थी

उत्तर : दोन्ही बाजूंकडे कारणं आहेत. १९१५मध्ये त्याचा ‘माय पीपल’ हा कथासंग्रह आला आणि वेल्समध्ये आग लागली. कार्डिगनशरच्या खेड्यात वाढलेला, लंडनमध्ये कापडदुकानात राबून पुढे पत्रकार झालेला हा माणूस. त्याने आपल्याच लोकांची लक्तरं वेशीवर टांगली, तीही लंडनच्या वेशीवर. हा राग तिथल्या माणसांच्या मनातून पुढे कितीतरी वर्षं गेला नाही.

‘बी धिस हर मेमोरियल’ ही कथा वाचा. नान्नी नावाची, धर्मादायावर जगणारी म्हातारी गाव सोडून चाललेल्या धर्मोपदेशकाला भेट म्हणून बायबल घ्यायचं ठरवते. त्यासाठी ती हातचा पैसा साठवते आणि स्वतः उंदीर भाजून खाते. शेवट इथे सांगत नाही, पण रात्री झोपण्यापूर्वी वाचू नका. चॅपलच्या सत्तेवर इतका निर्घृण घाव क्वचितच कोणी घातला असेल. मात्र त्याची पात्रं जी इंग्रजी बोलतात, ती वेल्शचं मुद्दाम वेडंवाकडं केलेलं रूप आहे. अशी भाषा कोणीच बोलत नाही. ती वाचून लंडनचा वाचक हसतो आणि खेड्यातला माणूस गावंढळ ठरतो. घाव बरोबर जागी बसला, तरी बघ्यांना तिकीट लावून बोलावलं होतं, असं मला वाटतं. तरीही वाचायचाच. त्याच्याशी भांडल्याशिवाय वेल्समध्ये इंग्रजी कथा लिहिणाऱ्या पुढच्या पिढ्यांना पुढे सरकता आलेलं नाही. ग्लिन जोन्सचं ‘द ड्रॅगन हॅज टू टंग्ज’ (१९६८) हे पुस्तक जोडीला घ्या. स्वतः कथाकार असलेल्या माणसाने आपल्या आधीच्या आणि बरोबरीच्या लेखकांवर आपुलकीने, तरी डोळे उघडे ठेवून लिहिलंय. अशी समीक्षा मला आवडते.

प्रश्न : आजचे कोण? – एक वाचक (पोस्टकार्डावर एवढंच)

उत्तर : पोस्टकार्डाला पोस्टकार्डाइतकंच उत्तर द्यायचं ठरवलं होतं, जमत नाही.

रेचल ट्रेझीसचा ‘फ्रेश अ‍ॅपल्स’ घ्या. कोळशाच्या खाणी बंद झाल्यानंतरचं र्‍होंडा खोरं, तिथली पोरं, दारू, नशा, आळस आणि त्या सगळ्यातून निघणारा खट्याळ विनोद. २००६मध्ये पहिलं डिलन टॉमस पारितोषिक, ६०,००० पौंडांचं, या कथासंग्रहाला मिळालं. कादंबऱ्यांच्या गर्दीत कथासंग्रहाने बाजी मारली याचा मला आजही आनंद वाटतो.

थॉमस मॉरिस वेल्समधल्या केर्फिली या गावचा. ‘वुई डोन्ट नो व्हॉट वुई आर डुइंग’ (२०१५) या त्याच्या संग्रहात ‘ऑल द बॉइज’ ही कथा आहे. लग्नाआधीच्या पार्टीसाठी केर्फिलीची पोरं डब्लिनला जातात आणि सगळी कथा भविष्यकाळात चालते : हे असं करतील, तो तसं म्हणेल. सुरुवातीला ही कारागिरी वाटते. मग लक्षात येतं की या पोरांचं पुढचं सगळं आधीच ठरलेलं आहे, म्हणून तो काळ. आणि मॉरिस केर्फिली कुठे आहे हे सांगत बसत नाही. केट रॉबर्ट्सची शेजारीण इथे इंग्रजीत भेटते.

कार्डिफच्या गोदीभागातली कृष्णवर्णीय कुटुंबं वाचायची असतील तर लिओनोरा ब्रिटोचा ‘डॅट्स लव्ह’ (१९९५). वेल्श माणूस म्हणजे गोरा खाणकामगार, हे चित्र ती गाजावाजा न करता मोडते. कनन जोन्सच्या ‘द एज ऑफ द शोल’ला २०१७मध्ये बीबीसीचं राष्ट्रीय कथा पारितोषिक मिळालं. वडिलांच्या अस्थी घेऊन छोट्या होडीतून समुद्रात गेलेल्या माणसावर वीज पडते. वाक्यं इतकी काटकसरीची की मला कधीकधी गुदमरायला होतं, पण हे तक्रार म्हणून नाही.

प्रश्न : वेल्सचे समीक्षक वसाहतोत्तर सिद्धांत, म्हणजे साम्राज्याखाली दबलेल्या देशांचं साहित्य वाचण्याची रीत, स्वतःच्या देशाला लावतात. साम्राज्यात हे लोक भागीदार होते ना? मग आपल्या पंक्तीत येऊन का बसतात? – एक प्राध्यापक

उत्तर : सर, तुमचा राग समजतो. हा आक्षेप तिथल्या समीक्षेतही आहे. कर्स्टी बोहाटाचं ‘पोस्टकलोनिअ‍ॅलिझम रिव्हिजिटेड’ (२००४) पाहा, प्रश्न टाळलेला दिसणार नाही. वेल्श मिशनरी १८४१मध्ये आजच्या मेघालयातल्या खासी टेकड्यांत पोचले होते आणि खासी भाषेला रोमन लिपी त्यांनीच दिली. दबलेले आणि दाबणारे एकाच माणसात सापडतात, तिथे सिद्धांत लावण्यापेक्षा कथा वाचणं मला बरं वाटतं.

म्हणून अ‍ॅलन लुईस. जन्म १९१५, अ‍ॅबरडेअरजवळच्या खाणगावातला, शिक्षकाचा मुलगा. युद्धात अधिकारी होऊन हिंदुस्थानात आला, काही काळ पुण्याच्या लष्करी रुग्णालयात होता, ‘द मराठा घाट्स’ नावाची कविता लिहिली आणि मार्च १९४४मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर मरण पावला. त्याच्या ‘द ऑरेंज ग्रोव्ह’ या कथेत एक अधिकारी आणि त्याचा ड्रायव्हर अशांत मुलुखातून गाडीने निघालेत. ड्रायव्हर मारला जातो. मृतदेह गाडीत घालून अधिकारी भटकतो, रस्ता चुकतो आणि शेवटी भटक्यांच्या एका टोळीबरोबर चालू लागतो. गणवेश साहेबाचा, पण हुकूम देण्याची त्याची उमेद संपलेली. पंक्तीत बसवायचं की नाही ते ही कथा वाचून ठरवा. मी बसवते.

प्रश्न : तिथली समीक्षा छापून कुठे येते? आमच्या वाचनालयासाठी काय मागवावं? – वाचनालयाच्या कार्यवाह

उत्तर : ‘प्लॅनेट’ हे नियतकालिक १९७०मध्ये सुरू झालं, ‘न्यू वेल्श रिव्ह्यू’ १९८८मध्ये. कथा आणि तिच्यावरचं रोखठोक लिखाण एकाच अंकात येई. २०२४मध्ये दोघांचं सार्वजनिक अनुदान गेलं आणि दोन्ही थांबली. विद्यापीठांत अभ्यास चालू आहे, पण नव्या संग्रहावर महिन्या-दोन महिन्यांत कोणीतरी खरं बोलावं, ती जागा विद्यापीठ भरत नाही. वेल्श भाषेत ‘ओर पेडवर ग्विंट’ हे २०१६पासूनचं परीक्षणांचं नियतकालिक आहे आणि इंग्रजीत २०२५मध्ये ‘फोल्डिंग रॉक’ निघालं.

पुस्तकांत, पैसे मोजकेच असतील तर डाय स्मिथने संपादित केलेले ‘स्टोरी’चे दोन खंड (२०१४) मागवा. ते ‘लायब्ररी ऑफ वेल्स’ या मालिकेतले आहेत. मात्र भर इंग्रजीत लिहिलेल्या कथांवर आहे, त्यामुळे केट रॉबर्ट्स वेगळी मागवावी लागेल.