बाबांची पाठ आणि दोन भावंडं

"मॅडम, आम्ही एकाच खोलीत वाढलो, एकाच आईच्या हातचं जेवलो, मग आमच्या आठवणी इतक्या वेगळ्या कशा? आमच्यात खोटं कोण बोलतंय?" समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता फोनवर पहिली दोन वाक्यं ऐकली तरी पुढचं कळतं. आईवडील गेल्यानंतर तर हमखास येतो, वर्षश्राद्धाच्या आसपास नाहीतर राहतं घर विकायचं ठरतं तेव्हा. त्यातलीच एक केस सांगते, दोघांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

बहीण ५४ची, भाऊ तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. ताईने बाबांचा मोठा फोटो फ्रेम करून भावाच्या नवीन फ्लॅटवर नेला आणि भाऊ म्हणाला, ताई, हा माझ्या हॉलमध्ये नको. झालं. ताई तिथूनच रडत घरी गेली, दोन महिने बोलणं बंद, शेवटी भावाच्या बायकोने दोघांना माझ्याकडे आणलं. ताईचं म्हणणं, बाबा देवमाणूस होते, हा कृतघ्न आहे. भावाचं म्हणणं, ताई कुठल्या माणसाबद्दल बोलते मला माहीत नाही, माझ्या घरात असा माणूस नव्हता.

अशा वेळी "बाबा कसे होते" हे मी विचारतच नाही, त्यातून फक्त निकाल मिळतात. मी दोघांना एकेक कागद दिला आणि म्हटलं, बाबा म्हटल्यावर डोळ्यासमोर जे पहिलं चित्र येतं ते लिहा, एकमेकांना दाखवू नका. दोघांनी एकच चित्र लिहिलं. चाळीची गॅलरी, लाकडी स्टूल, संध्याकाळ, आणि खोलीकडे पाठ करून बसलेले बाबा. ताईने खाली लिहिलं होतं, "आम्हाला अभ्यासाला जागा मिळावी म्हणून बाबा तासन्‌तास बाहेर बसायचे." धाकट्याने लिहिलं होतं, "त्यांना आमचं तोंड बघायचं नसायचं."

मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

आता इथे संपाबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर ही गोष्ट कळणार नाही. बाबा गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागांवर कापड विणायचं काम. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार नेते दत्ता सामंतांचा, जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, गिरणगाव हळूहळू विझत गेलं. त्या जानेवारीत ताई पाचवीत होती. धाकटा जन्मला त्याच वर्षीच्या गणपतीत. म्हणजे ताईला गिरणीचा भोंगा आठवतो, साडेतीनला पहिली पाळी सुटल्यावर केसांत कापूस घेऊन येणारे बाबा आठवतात, पगाराच्या दिवशी कागदात बांधलेली गरम भजी आठवते, लालबागला गर्दीत खांद्यावर बसून बघितलेला गणपती आठवतो. धाकट्याच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. त्याच्या वाट्याला काम गेलेला माणूस आला, आई लोकांचे कपडे शिवते आणि नवरा रात्री वॉचमनची ड्युटी करून दिवसा झोपतो, चिडतो, गप्प बसतो. घर एकच, पण दोघं वेगवेगळ्या घरात वाढली. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स या दोन संशोधकांनी १९८७मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला होता की एकाच कुटुंबातली मुलं एकमेकांपेक्षा इतकी वेगळी का, आणि घरातला जो अनुभव भावंडांमध्ये सारखा नसतो तो फार मोठा असतो हे दाखवून दिलं होतं. मला मात्र या बाबतीत आपल्याकडचं जैन तत्त्वज्ञान जास्त उपयोगी पडतं.

त्यातला अनेकांतवाद, म्हणजे एकाच गोष्टीला अनेक बाजू असतात हा विचार, म्हटलं की सगळ्यांना हत्ती आणि आंधळे आठवतात. मी ती गोष्ट सेशनमध्ये सांगत नाही, कारण त्या गोष्टीत कुणीतरी एक डोळस माणूस असतो ज्याला पूर्ण हत्ती दिसत असतो. घरात असा कुणी नसतो. आईही नसते, आणि समुपदेशक तर मुळीच नाही, मी काही त्या गॅलरीत नव्हते. मला त्यातलं जे आवडतं ते 'स्यात्'. पुष्कळ लोक त्याचा अर्थ 'कदाचित' असा घेतात, तसा तो नाही. स्यात् म्हणजे एका अपेक्षेने, अमुक बाजूने पाहिलं तर नक्की असंच. आणि ती बाजू सांगताना चार गोष्टी बघायच्या, द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव. साध्या भाषेत, कशाबद्दल बोलतोयस, कुठून बघितलंस, केव्हा बघितलंस आणि तेव्हा ती गोष्ट कुठल्या अवस्थेत होती. ताईचे बाबा १९८२च्या आधीचे, पगार घरी आणणारे. धाकट्याचे नंतरचे, हात रिकामे झालेले. दोघांच्या वाक्यात फक्त 'केव्हा' घातलं की दोन्ही वाक्यं खरी ठरतात, कदाचित वगैरे काही म्हणावं लागत नाही.

पण एवढं कळलं म्हणून मन लगेच मानत नाही. धाकटा म्हणाला, डोक्याला पटतंय मॅडम, पण मला ती पाठ तशीच दिसते. तेव्हा मी त्याला बदक आणि सशाचं ते जुनं चित्र दाखवलं, १८९२मध्ये एका जर्मन विनोदी साप्ताहिकात छापून आलेलं, पुढे विट्गेनश्टाइन या तत्त्ववेत्त्याने ज्यावर खूप विचार केला ते. एका बाजूने बघितलं तर चोच, दुसऱ्या बाजूने तेच कान. त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, बदक आणि ससा एका क्षणी दोन्ही दिसत नाहीत, आळीपाळीने दिसतात. म्हणून मी त्याला म्हटलं, दोन्ही बाबा एकदम बघायचा हट्ट धरू नका, तुम्हाला जे दिसतं ते तसंच राहू दे, फक्त ताई बोलेल तेवढा वेळ तिला दिसतंय ते बघा.

मग ताई बोलायला लागली आणि बोलता बोलता सहज म्हणाली, "तसंही मागून हाक मारून उपयोग नसायचा, त्यांना ऐकू कुठे यायचं, आम्ही समोर जाऊनच बोलायचो."

धाकट्याने विचारलं, "म्हणजे?"

साचेखात्यात शेकडो माग एकदम चालायचे, तो खडखडाट वर्षानुवर्षं ऐकून कान अधू व्हायचे. तिथली माणसं एकमेकांशी ओठ बघून, खाणाखुणा करून बोलायची. ताईला हे लहानपणापासून माहीत होतं, गिरणी चालू असताना कळलेली गोष्ट. धाकट्याने गिरणी चालू बघितलीच नाही, आणि नंतर त्या घरात कुणी गिरणीचा विषयच काढायचं नाही. तो म्हणाला, "मी प्रगतिपुस्तक घेऊन मागे उभा राहायचो ताई. दोन-तीनदा हाक मारायचो. ते वळायचेच नाहीत. मग मी आत जायचो."

हे लिहिताना आत्ताही मला गलबलून येतंय.

पण इथेच सगळं सुटलं असं समजू नका, मला ते मान्य नाही. कारण थोड्या वेळाने तो म्हणाला, आणि पट्ट्याने मारलं ते? ते काय कान गेले म्हणून? आणि ते बरोबरच होतं. 'प्रत्येकाची आपली नजर असते' हे वाक्य मार खाल्लेल्या माणसाला कधीही ऐकवू नका, कळकळीने सांगते. बघण्याची बाजू वेगळी असू शकते, पण मार बसला तो बसला, तो कुठल्याही बाजूने बघितला तरी मारच असतो. पाठीचे दोन अर्थ निघाले, पट्ट्याचे निघत नाहीत. ताई आधी गप्प बसली, मग म्हणाली, "मला माहीत होतं. मी आतच असायचे, भांडी घासत. ८३ नंतरचे बाबा मी कुणाला सांगतच नाही." म्हणजे तिलाही ससा दिसत होता, ती तिकडे बघत नव्हती. भाऊ इतकी वर्षं फक्त एवढंच ऐकायला थांबला होता असं मला वाटतं, बाबा वाईट होते हे नाही, तर तू बघितलं होतंस हे.

तुमच्या घरात असं चालू असेल तर आधी 'खोटं कोण' हे सोडा आणि समोरच्याला विचारा, तू तेव्हा केवढा होतास, कुठे उभा होतास, तुला तेव्हा काय माहीत नव्हतं. उत्तर आलं की मध्येच दुरुस्ती करू नका. आणि एकच एक सामाईक आठवण तयार करायच्या मागेही लागू नका, त्यात नेहमी धाकट्याची नाहीतर गरीब बिचाऱ्या गप्प बसणाऱ्याची आठवण पुसली जाते.

फोटो अजून ताईच्याच घरी आहे, भावाने लावलेला नाही आणि ताईने परत विषय काढलेला नाही. शेवटच्या सेशनला तो वहीत प्रश्न लिहून आला होता, सगळे ८२च्या आधीचे. बाबा कुठल्या गिरणीच्या गेटमधून बाहेर यायचे, भजी कुठली आणायचे, आईशी काय बोलायचे. एक प्रश्न होता, ते हसायचे तेव्हा आवाज कसा यायचा. ताईने तसं हसून दाखवायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा थोडं जमलं.