जुन्या ट्रॅक्टरचा रंग सुरकुतू आणि फुगू नये म्हणून

आपला ट्रॅक्टर जुना बी-275 आहे, मागच्या रंगकामात बॉनेटवर सुरकुत्या आल्या, मडगार्डवर पहिल्याच पावसाळ्यात फोड उठले, आणि आता हे दोन्ही भाग नव्याने रंगवून बाकी ठिकाणी टच-अप करायचा आहे, असे आपण लिहिले आहे, आणि त्यासाठी इनॅमल मारावे की पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग), असे विचारले आहे. सुरकुत्या आणि फोड यांची कारणे वेगळी असली तरी दोन्हींचे मूळ सहसा वरच्या रंगात नसते, ते त्याच्या खाली असते. त्यामुळे महागडा डबा आणण्याआधी पत्र्यावर सध्या काय आहे हे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरकुत्यांचे नेहमीचे कारण म्हणजे जुन्या सिंथेटिक इनॅमलवर मारलेला एनसी (नायट्रोसेल्युलोज), म्हणजे थिनर उडून वाळणारा रंग. इनॅमल हवेतील ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होते. वरून तीव्र एनसी थिनर पडला की खालचा थर मऊ होऊन फुगतो आणि पत्र्यावरून उचलला जातो. याची परीक्षा सोपी आहे. मडगार्डच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, एनसी थिनरमध्ये भिजवलेले फडके अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग घासावे. रंग विरघळून फडक्याला लागला तर तो एनसी, सुरकुतून उचलला गेला तर इनॅमल, आणि काहीच फरक पडला नाही तर तो बहुधा हार्डनर घालून मारलेला पीयू रंग समजावा. इनॅमलवर इनॅमल चालते. पीयू मारायचाच असेल तर जुने इनॅमल पत्र्यापर्यंत काढून, इपॉक्सी प्राइमर मारून मगच पुढे जावे. इनॅमलवर इनॅमल मारतानाही दुसरा हात डब्यावर दिलेल्या वेळेतच द्यावा, नाहीतर पहिला हात पूर्ण वाळू द्यावा. अर्धवट वाळलेल्या थरावर दिलेला हात हमखास सुरकुततो.

फोडांची गोष्ट जास्त खोल आहे, आणि शेतातल्या वाहनाला ती विशेष लागू पडते. युरिया आणि इतर खते, क्षारपड जमिनीतला चिखल, बॅटरीतून सांडलेले ॲसिड, या सगळ्यांतले क्षार पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत आणि गंजात बसून राहतात. त्यांच्यावर रंग चढवला की पावसाळ्यात रंगाच्या थरातून पाण्याचा अंश आत झिरपतो, तिथल्या क्षारांत मिसळतो आणि खालून दाब देऊन रंग उचलतो. फोड फोडला तर आत पाणी आणि गंज दिसतो तो यामुळेच. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी साबणाच्या पाण्याने आणि मग भरपूर स्वच्छ पाण्याने धुणे, त्यानंतर ग्रीस आणि ऑइल काढणे, आणि घासणे सर्वांत शेवटी. उलट केले तर पॉलिश पेपर तेच ग्रीस ओरखड्यांत भरून ठेवतो. ऑइल काढायला डिझेल वापरण्याची आपल्याकडे सवय आहे. डिझेलचा तेलकट थर मागे राहतो, त्यामुळे नंतर साबणाने धुऊन, वाळवून, थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसणे आवश्यक असते, आणि फडके वरचेवर बदलावे. एवढे न केल्यास ताज्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. बॅटरीच्या पेटीजवळचा भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन ॲसिडचा प्रभाव घालवावा. गंजावर ॲसिडचे रसायन लावले असेल तर त्याचा उरलेला अंशही धुऊन काढावा.

लांबीबाबत, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीबाबत, एकच सूचना पुरे आहे. पॉलिएस्टर लांबी पाणी शोषते, त्यामुळे ती कोरडीच घासावी; पाणी लावून घासली आणि लगेच प्राइमर मारला की ते पाणी आत कोंडले जाते. नुसता रेड ऑक्साइड प्राइमर मारून ट्रॅक्टर आठवडाभर अंगणात उभा ठेवणेही बरे नाही, कारण तो थर सच्छिद्र असतो.

शक्य असल्यास रंगकाम पावसाळा संपल्यावरच काढावे. दमट हवेत एनसी रंगावर पांढुरकी झाक येते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर हवेतली वाफ जमते. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी कामाआधी काढून टाकावे. गन साधारण 15 ते 20 सेंटिमीटर अंतरावर धरून पातळ हात द्यावेत. ओघळ येतात ते बहुतेक घाईमुळे.

टच-अपमध्ये खरा त्रास छटेचा. उन्हाने लाल रंग फिका पडतो, त्यामुळे नवा डबा अचूक असला तरी ठिपका वेगळा दिसतो. आधी शेजारचा भाग रबिंग कंपाउंडने घासून मूळ रंग वर आणावा, मग छटा जुळवावी, आणि ठिगळ पत्र्याच्या मधोमध न संपवता कडेपर्यंत किंवा जोडापर्यंत न्यावे. शिवाय लाल रंग खालचे झाकण्यात कमी पडतो. सगळीकडे एकाच रंगाचा प्राइमर नसेल तर ठिगळे उमटून दिसतात. सायलेन्सरवर हा रंग टिकत नाही, त्याला उष्णतेत टिकणारा वेगळा रंग लागतो. चासी नंबर, इंजिन नंबर आणि कंपनीची पट्टी चिकटपट्टीने झाकून ठेवावी, म्हणजे नंबर पुढेही वाचता येतील.

जुना रंग खरवडताना तो ओला ठेवावा आणि हे काम गोठ्यापासून दूर करावे. आपल्याकडे शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 पासून लागू झाली, तीही फक्त घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. जुन्या ट्रॅक्टरच्या पोपड्यांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे, आणि जनावरे असे पोपडे चाटतात.

इनॅमल की पीयू, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर इनॅमल असे आहे. पीयू जास्त टिकाऊ असतो यात शंका नाही, परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ते फवारताना कापडी किंवा धुळीचा मास्क काही कामाचा नाही आणि बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. तशी सोय असलेल्या गॅरेजमधूनच पीयू करून घ्यावा. घरच्या अंगणात रंगवायचा आणि उद्या पुन्हा नांगराला जुंपायचा ट्रॅक्टर असेल तर इनॅमलच सोयीचे, कारण ओरखडा पडला तरी त्याचा टच-अप ब्रशनेही होतो.